कोंडाविलची ऑस्टिन

कोंडाविल, जाफना
१२ मे २००२

पियल मल्लीस,

वैत्तिलिंगमचा आशीर्वाद.

दचकलास ना, धाकट्या भावा? मेलो नाही अजून. तुझं पंचिकावत्तचं दुकान जागेवर आहे की नाही, ठाऊक नाही. पण तिथला पोस्टमन जुना असेल तर ‘पियतिलक, ब्रिटिश गाड्यांचे सुटे भाग’ एवढ्यावर पत्र पोचवील. लढाई थांबवायच्या करारावर सह्या झाल्या, कँडी रोड उघडला, कोलंबोच्या बसेस पुन्हा आमच्या स्टँडवर येऊन उभ्या राहायला लागल्या. पहिली बस आली तेव्हा माणसं तिला हात लावून पाहत होती. मी मात्र खाली वाकून तिची चाकं पाहिली. सवय!

आता कामाचं. माझी ऑस्टिन बसली. त्रेपन्न सालची ए-फॉर्टी सॉमरसेट, तू जिला ‘बुटकी मामी’ म्हणायचास तीच. लढाईत सरकारनं माल बंद केला त्या सगळ्या वर्षांत इकडे पेट्रोल दिसायचं नाही. औषधाच्या बाटलीतून चार थेंब पेट्रोल कार्ब्युरेटरला पाजायचे, इंजिन खोकत सुरू झालं की रॉकेलवर सोडायचं. अशा रॉकेलवर तिनं बाळंतिणी नेल्या, मिरच्यांची पोती नेली, प्रेतंही नेली. पण ते रॉकेल खाली ऑइलमध्ये उतरायचं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ व्हायचं. त्यानं बेअरिंगं खाल्ली. गेल्या वर्षी ठोका ऐकू यायला लागला, मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, आणि मानिप्पायच्या वळणावर इंजिन जाम झालं. लोकांनी ढकलत घरी आणली.

इंजिन खोललंय. पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे जोड, हेड गॅस्केट, टायमिंग चेन, ऑइल पंप, सगळंच गेलंय. क्रँकही घासलाय, पण तो लेथवर साफ होईल असं वाटतं. हे भाग साऱ्या बेटावर कुणाकडे असतील तर तुझ्याकडेच.

पूमणि बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. मुलगी चुन्नाकमला दिली. मुलगा घरी नाही. त्याच्याबद्दल पत्रात काही लिहीत नाही.

इंजिन बांधून झालं की त्याच गाडीनं कोलंबोला येईन. पूर्वी भाडं घेऊन आलो की तुझ्या दुकानात टायरांच्या ढिगामागे चटई टाकून झोपायचो, तसाच झोपेन. सीलवतीला सांग, सुक्या मासळीचं कालवण करून ठेव. त्र्याऐंशीच्या दंगलीपासून एकोणीस वर्षं झाली चव घेऊन.

तुझा
वैत्ति अय्या


पंचिकावत्त, कोलंबो
९ जून २००२

वैत्ति अय्यांस,

पियलचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी काउंटरवर होतो. अक्षर पाहूनच ओळखलं. सिंहली अक्षरं इतकी तिरकी दुसरं कोण काढतं? सीलवतीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “वाचा की मोठ्यानं, एकटेच काय हसताय?” मग दोघांनी दोनदा वाचलं.

दुकान जागेवर आहे, पण पाटी बदलली. आता थोरला, लसंत, बघतो. सगळा माल जपानी. माझ्या ब्रिटिश गाड्यांचं सामान त्यानं माळ्यावर ढकललंय आणि मलाही जवळजवळ तिथंच. तुमची यादी दाखवली तर म्हणतो, “थाथ्था, ही गाडी आहे का देवळातली मूर्ती?” मी म्हटलं, “तुला काय करायचंय? तू तुझ्या बंपरांना पॉलिश मार.”

अय्या, टायमिंग चेन माळ्यावरच सापडली. बाकी शोधावं लागेल, पण शोधीन. मला उद्योग मिळाला. सिलिंडरची बोअर नीट मोजून कळवा. आधी एकदा वाढवलेली असेल तर पिस्टन त्या मापाचे लागतील.

एक विचारायचं होतं. तो कँडी रोड आता कसा आहे? परंतनच्या पुढं, तुम्ही आनैयिरवु म्हणता ती खाडीवरची वाट आहे ना, तिथं बस थांबते का? माणसाला खाली उतरू देतात का? सहज विचारतो. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही गाडीची वाट का पाहायची? मीच बसनं येऊ का एकदा? चेन हातानं देईन.

तुमचा
पियल


कोंडाविल
२ जुलै २००२

पियल मल्ली,

बसनं मुळीच येऊ नकोस. ती बस म्हणजे धुळीचं पोतं. ओमंतैला सैन्याची तपासणी, पुढं जंगलातल्या आमच्या बंदूकवाल्या पोरांची तपासणी, मुहमालैला पुन्हा सैन्य. दर ठिकाणी सामान खाली काढायचं, पुन्हा चढवायचं. आपल्या वयात कुणी सांगितलंय? आणि मी तुला आणायला माझ्या गाडीतून येणार आहे हे एकदा ठरलं ना? तू पुढच्या सीटवर बसशील, खिडकीतून हात बाहेर काढशील, मी ओरडेन, “हात आत घे.” तसंच व्हायला हवं. इतक्या वर्षांनी माझ्या दारात येशील तो बसमधून उतरून पिशवी सावरत नव्हे.

आनैयिरवुचं म्हणशील तर तिथं काही नाही. वारा, मिठागरं, जळलेले रणगाडे, तुटकी ताडं. कडेला सुरुंगांच्या लाल पाट्या आहेत. उतरण्यासारखं ठिकाण नाही. तुला भीती वाटते गाडी तिथं बंद पडेल म्हणून, हो ना? पंचिकावत्तचा माणूस तो पंचिकावत्तचाच, सगळीकडे बिघाडच दिसतो! माझ्या हातची गाडी अशा जागी बंद पडत नाही. न थांबता पार करीन.

बोअर मोजली. चार पिस्टन, चाळीस ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून चाळीस हजारांश इंच मोठे लागतील. चेन कोलंबो-जाफना बसच्या ड्रायव्हरकडे दे, त्याचं नाव तवराजा, माझ्या ओळखीतला आहे.

तू फक्त लसंतचं लिहिलंस. धाकटा काय करतो? चामिंद ना नाव? ड्रायव्हरच्या सीटवर उभा राहून हॉर्न वाजवायचा आणि उतर म्हटलं की मला चावायचा, तो.

वैत्ति अय्या


पंचिकावत्त
२० जानेवारी २००३

वैत्ति अय्यांस,

उशीर झाला, रागावू नका. मधुमेहानं पायाचं एक बोट नेलं. आता बरा आहे, नवी चप्पल घेतलीय, मऊ.

रिंगा आणि बेअरिंगचे जोड मिळाले! कँडीच्या वर एका चहामळ्याच्या शेडमध्ये तुमच्या गाडीची बहीण उभी होती. आत कोंबड्या. मळ्याच्या जुन्या बाबूनं या भागांचा डबा कधीकाळी आणून ठेवलेला, कागदाचं वेष्टणसुद्धा फाडलेलं नाही. मी म्हटलं, “हे मला हवं.” तो म्हणाला, “गाडी कुठाय?” मी म्हटलं, “जाफन्याला.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, डबा फडक्यानं पुसला आणि हातात ठेवला.

तवराजा फार हुशार निघाला. म्हणाला, ओमंतैच्या शिपायानं डबा उघडला आणि मागं सरला. “हे काय?” “बेअरिंग.” “कशाचं?” “ऑस्टिनचं.” “ऑस्टिन कोण?” शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा सार्जंट आला, त्याच्या सासऱ्याकडे तसली गाडी होती. त्यानं सोडलं. पुढच्या तपासणीला पोरांनीही तेच विचारलं म्हणे.

गॅस्केटही पाठवलंय. इथल्या एका पोरसवदा दुकानदारानं ‘ए-फॉर्टीचंच’ म्हणून दिलं. डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर घेतलं. पिस्टनचा मात्र पत्ता नाही.

लसंत म्हणतो, त्याच्याकडे चांगलं जपानी इंजिन आहे. इथले सगळे टॅक्सीवाले जुन्या गाडीत तेच बसवतात. फिटर पाठवला तर आठवड्यात गाडी उभी राहील. तुम्ही पुढच्या महिन्यात निघू शकाल. मला वाटतं, अय्या, करून टाकू या. किंवा मी बसनं येतो. पाय आता ठीक आहे.

चामिंद घरी नसतो. लांब असतो.

पियल


कोंडाविल
११ एप्रिल २००३

पियल मल्ली,

गॅस्केट बसत नाही. ते ए-फॉर्टी केंब्रिज नावाच्या गाडीचं आहे. ती ए-फॉर्टी वेगळी, ही ए-फॉर्टी वेगळी. इंजिन वेगळं, पाण्याची भोकं वेगळी. तू डोळे दाखव कुणालातरी आणि त्या पोरसवदा दुकानदाराचे कानही धर. बेअरिंगं मात्र अशी बसली की पूमणिला बोलावून दाखवली. ती म्हणाली, “छान आहे. आता जेवायला या.”

जपानी इंजिनाचं पुन्हा नाव काढू नकोस. सत्तेचाळीस वर्षं संसार केल्यावर तू माझं दुसऱ्याच बाईशी लग्न लावायला निघालास. लोक बसवतात, बसवू देत. त्यांच्या गाड्या बाहेरून ऑस्टिन आणि आवाज पाणी उपसायच्या यंत्राचा. तुझ्या दारात तसला आवाज करत येऊ? तू आवाजावरून गाडी ओळखणारा माणूस. तू बाहेर येशील आणि कोण आलं म्हणून बघत राहशील.

घाई काय आहे? रस्ता आता उघडलाय. लढून दोन्हीकडचे दमलेत. पिस्टन मिळतील तेव्हा मिळतील.

बोट गेलं हे एवढं उशिरा कळवतोस? सीलवतीला म्हणावं, त्याच्या चहातली साखर तू चाखून बघत जा.

चामिंद लांब म्हणजे दुबई की काय? चांगलं आहे. तिकडे पोरं सुखात आहेत.

वैत्ति अय्या


पंचिकावत्त
१५ फेब्रुवारी २००४

वैत्ति अय्यांस,

हे पत्र सीलवती लिहितेय, मी सांगतोय. नजर फार मंद झाली. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा सरळ आहे, एवढं मान्य करा.

अय्या, पिस्टन मिळाले! चिलावच्या बाजूला एका नारळाच्या बागेत तुमचंच इंजिन विहिरीवर पाणी उपसतंय असं कुणी सांगितलं. लसंत नको म्हणत असताना गेलो. बागेची मालकीण खुर्चीत बसून मला वरपासून खालपर्यंत बघत होती.

“इंजिन चालू आहे. कशाला देऊ?”

“इंजिन नको, बाई. त्याच्यासाठी आणून ठेवलेले जास्तीचे पिस्टन असतील तर.”

“असतील. मग माझं बिघडलं तर?”

“तर मी येईन दुरुस्त करायला.”

“तुम्हाला पायरी दिसत नाही, इंजिन काय दुरुस्त कराल!”

पण हसली. चारी पिस्टन डब्यात ग्रीस लावून ठेवलेले, चाळीस ओव्हरसाइझ. मी हातात घेऊन नखानं खोबण तपासली. डोळे गेले तरी बोटं आहेत ना. त्यांच्याबरोबर योग्य गॅस्केटही मिळालं, या वेळी मी तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या जुन्या गॅस्केटवर ठेवून भोकं मोजली. तवराजाकडे दिलंय.

आता एक विनंती. आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. चांगला माणूस. त्यांचा मुलगा सैन्यात होता. दोन हजार सालच्या एप्रिलमध्ये आनैयिरवुचा सैन्याचा तळ जंगलातल्या पोरांच्या हाती गेला तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. गेला असंही कुणी कळवलं नाही, आहे असंही नाही. कागदावर ‘बेपत्ता’ एवढंच. आई-वडिलांची इच्छा आहे की तिकडच्या कुणी माणसानं, तिथली भाषा बोलणाऱ्यानं, आसपासच्या गावात सहज विचारून बघावं. तिथं काही पुरलं असेल, कुणी काही पाहिलं असेल. आणि जमलं तर कधी त्यांना त्या जागेवर घेऊन जावं. तुमच्याखेरीज तिकडे माझं कोण आहे? जमेल तसं बघा.

पियल


कोंडाविल
२० मार्च २००४

पियल मल्ली,

पिस्टन पोचले. आज पहिला सिलिंडरमध्ये उतरवून पाहिला. तेल लावून सोडला तर आपल्या वजनानं हळूहळू खाली गेला. असं काम बघितलं की जेवण लागत नाही. त्या बाईला माझा नमस्कार कळव.

तुझ्या गल्लीतल्या गृहस्थाचं. रागावू नकोस, पण त्यांना सांग, असल्या गोष्टी पत्रात विचारू नयेत. इथं पत्रं फोडली जातात. मी परंतनला जाऊन सिंहली शिपायाची चौकशी करायला लागलो तर मला कुणी सोडेल का? आणि मल्ली, इथं कुणाची पोरं गेली नाहीत? आमच्या गल्लीत पाच घरं आहेत, त्यातल्या तीन घरांत फोटोला हार आहेत. त्यांची चौकशी करायला कोलंबोहून कोण आलं? त्यांचा मुलगा बंदूक घेऊन आमच्या दारात आला होता, आम्ही त्यांच्या दारात गेलो नव्हतो. तू भिडस्त आहेस, कुणीही काहीही सांगितलं की खांद्यावर घेतोस. असल्या कामात पडू नकोस.

आता राहिला ऑइल पंप. जुना घासलाय, ऑइल दाबून वर चढवत नाही. तो नवा मिळाल्याशिवाय इंजिन सुरू करणार नाही, नाहीतर तुझी सगळी बेअरिंगं पुन्हा जातील.

वैत्ति अय्या


पंचिकावत्त
८ ऑक्टोबर २००५

वैत्ति अय्यांस,

ऑइल पंप पाठवत आहे. गालला एका पाद्रीबाबांच्या गॅरेजमध्ये होता. गेल्या वर्षी समुद्र आत आला तेव्हा गाडी वाहून गेली, पण फळीवरचा पंप राहिला. आता तुम्हाला काही कमी नाही.

दरम्यान पत्र लिहिलं नाही. रागावून नव्हे. तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं.

लवकर बांधा, अय्या. इकडच्या बातम्या बऱ्या नाहीत. पुन्हा कुठं कुठं गोळीबार सुरू झालाय. तुम्ही या, आणि जाताना मला घेऊन चला. एवढंच मनात आहे.

पियल


कोंडाविल
२ ऑगस्ट २००६

मल्ली!

चालू झालं. सकाळी नारळ फोडला, पूमणिनं कापूर लावला, मी हँडल मारलं. दुसऱ्या फटक्यात. आवाज ऐकशील तर रडशील. पूर्वी होता तसा नव्हे, त्याहून मऊ. गल्लीतले लोक गोळा झाले. चौथ्या घरातला कणपतिपिल्लै, ज्याला गेली दहा वर्षं धड ऐकू येत नाही, तोही म्हणाला, “वैत्ति, तुझी गाडी?”

मधली सगळी दिरंगाई माझीच. आधी क्रँक घासणारा लेथवाला आजारी, मग रस्त्यात रोज काही ना काही, मग एकदा बांधलेलं पुन्हा खोललं, कारण हातानं फिरवताना एका व्हॉल्व्हचा आवाज मला पसंत पडेना. पूमणि म्हणाली, “फिरतंय ना? मग जा की.” पण मी खोललंच.

आता थोडाच धीर धर. नवे पिस्टन आहेत, आधी हळूहळू फिरवून बसवावे लागतात. थेट कोलंबोपर्यंत ताणली तर घासतील. तुला मी हे सांगायची गरज नाही. नल्लूरच्या कंदस्वामीचा उत्सव सुरू आहे, गावातल्या गावात देवळाची भाडी करतो, त्यात पिस्टन बसतील. रथ झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे निघतो. दुकानासमोर हॉर्न वाजवीन. मासळीचं कालवण.

तुझा
वैत्ति अय्या


कोंडाविल
२८ सप्टेंबर २००६

पियल मल्ली,

हे पत्र जहाजानं जाईल, कधी पोचेल ठाऊक नाही. अकरा ऑगस्टला मुहमालैला तोफा सुरू झाल्या आणि रस्ता बंद झाला. रथ पुढच्या आठवड्यात होता. मी त्या दिवशी सकाळी चार बायकांना देवळात सोडून येत होतो, तर सगळं गाव उलट्या दिशेनं पळत होतं.

गाडी अंगणात उभी आहे. इथं आता तांदूळसुद्धा मिळत नाही, पेट्रोल कुठलं. पुन्हा रॉकेल घालणार नाही. तुझ्या पिस्टनांना मी रॉकेल पाजणार नाही.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

वैत्ति अय्या


पंचिकावत्त
७ फेब्रुवारी २०१०

वैत्ति अय्यांस,

सीलवतीचा नमस्कार.

लढाई संपली, रस्ता उघडला म्हणून लिहिते. मधल्या काळात तुमची दोन पत्रं आली होती. उत्तर द्यायचं राहिलं. ते सांगायचे, मी लिहायला बसायचे, आणि ते म्हणायचे, “राहू दे, उद्या.”

पियल दोन हजार आठच्या जून महिन्यात गेले. मूत्रपिंडं थांबली. शेवटपर्यंत शुद्ध होती. लसंत जवळ होता.

आता त्यांच्या मागं एक गोष्ट सांगते. ते असते तर सांगू दिली नसती. आमच्या गल्लीत तसा कुणी गृहस्थ नव्हता, अय्या. चामिंद सैन्यात होता. सतराव्या वर्षापासून. आनैयिरवुच्या तळावर होता. तळ हातचा गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, त्यात पाण्याची फार टंचाई आहे असं होतं. मग काही नाही.

मी त्यांना पहिल्यापासून म्हणत होते, वैत्ति अय्यांना सरळ सांगा, ते आपले आहेत. ते म्हणायचे, “त्यांनी लिहिलंय ना, मुलगा घरी नाही, त्याच्याबद्दल लिहीत नाही म्हणून. तो जंगलात असणार त्या पोरांबरोबर. समज, तोही त्या दिवशी तिथंच असेल, समोरच्या बाजूला. मग मी त्या बापाला काय विचारू? आणि त्यानं मला काय सांगावं?” म्हणून त्यांनी तो गृहस्थ काढला.

तुमचं उत्तर मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मी मधेच थांबले तर ते म्हणाले, “वाच, सगळं वाच.” वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. सीला, गालला जायला हवं. ऑइल पंप राहिलाय.”

मला तुमचा राग नाही. राग असता तर लिहिलं नसतं. मला एकदा ती जागा बघायची आहे. लसंतला वेळ नाही आणि त्याला तिकडे जायचंही नाही. तुम्ही आहात का, हेही मला ठाऊक नाही. असलात तर कळवा.

सीलवती


कोंडाविल
३ मार्च २०१०

सीलवती तंगच्ची,

आहे. पूमणि नाही, गेल्या वर्षी गेली. मी आहे.

तुझं पत्र वाचून दोन आठवडे मला लिहिता आलं नाही. आज लिहितो आहे, कारण काल मी तिथं जाऊन आलो.

आधी हे. माझा मुलगा जंगलात नव्हता. तो पॅरिसला हॉटेलात भांडी घासत होता. मला न कळवता तिथल्या मुलीशी लग्न केलं म्हणून मी त्याचं नाव टाकलं होतं. रागानं लिहिलं नाही, बस एवढंच. ती एक ओळ मी पुरी केली असती, ‘पॅरिसला आहे, मूर्ख आहे’ असं लिहिलं असतं, तर पियलनं पुढच्याच पत्रात मला चामिंदचं सांगितलं असतं. आणि त्यानं सांगितलं असतं तर मी गाडीची वाट कशाला पाहिली असती? तवराजाच्या बसनं दुसऱ्या दिवशी निघालो असतो, पियलला घेऊन येताना त्याचा हात धरून परंतनला उतरलो असतो. तेव्हा लोक बोलत होते, जवळच्या गावांत ते सगळं डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. चार वर्षं तो रस्ता उघडा होता, तंगच्ची. तो पुन्हा पुन्हा बसनं येऊ का म्हणून विचारत होता, आणि मी त्याला पिस्टनची मापं कळवत होतो.

त्या उत्तराबद्दल काय लिहू? त्यात लिहिलं ते खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत तीन फोटो होतेच, आता पाच आहेत. पण ते मी त्या गृहस्थाला लिहिलं होतं. पियलला लिहिलं नसतं.

काल मी बसनं गेलो. आनैयिरवुला उतरलो. आता तिथं दक्षिणेकडून लोक बसगाड्या भरून येतात, जळलेल्या रणगाड्यापुढं फोटो काढतात, भात खातात. पलीकडे एक शिपाई उभा होता. त्यानं मला बघून आजोबा म्हणून हाक मारली.

“सीया, बस चुकली का?”

मी सिंहलीतून म्हटलं, “नाही. इथंच उतरायचं होतं.”

“तुमचं कुणी होतं इथं?”

“मित्राचा मुलगा.”

“कुठल्या बाजूचा?”

“तुझ्या.”

तो म्हणाला, “कडेपर्यंत जा. खाली उतरू नका, सुरुंग काढायचे राहिलेत.” आणि आपली खुर्ची आणून ठेवली.

मी आसपास विचारलं. दहा वर्षं झाली, गावं उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. ज्यांना माहीत होतं त्यातलं कुणी उरलं नाही. मिठागरातल्या एका म्हातारीनं एवढंच सांगितलं की तेव्हा पाण्यासाठी शिपाई विहिरींकडे यायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गावकऱ्यांनी पाणी दिलं होतं. कुणाला दिलं ते तिला ठाऊक नाही. मीही जास्त खोदलं नाही. तुला खोटा दिलासा देणार नाही.

तू ये. बसनं ये, लसंत असो नसो. स्टँडवर मी असेन. ऑस्टिन चालू आहे, हवी असेल तर तिच्यातून नेतो. नको असेल तर बसनंच जाऊ, मला आता कशाचंच काही वाटत नाही.

तुला सांगायला हवं म्हणून सांगतो. त्या खुर्चीवर बसून मी चामिंदचं नाव घेतलं. मोठ्यानं, दोनदा. तिथं त्या वाऱ्यात इतक्या वर्षांत त्याला कुणी नावानं हाक मारली नसेल असं वाटलं. माझा आवाज त्याला ओळखू येण्यासारखा नव्हता. तू आलीस की तू हाक मार.

तुझा
वैत्ति अय्या